मागचे दिवे

मिस्त्री: नवी बॅटरी घातली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. पण ताई, विकायच्या आधी एक सांगा. दोन वर्षांत हिला कोणी हात लावला होता?

लेक: कोणी नाही. अपघात झाला, दुसऱ्या दिवशी बाबांनी किल्ल्या दिल्या. दिल्या म्हणजे, मी काढून घेतल्या.

मिस्त्री: मागून स्कूटरवाला धडकला होता ना?

लेक: हो. संध्याकाळची वेळ, त्यात धुकं. तो म्हणाला, मागे एकही दिवा नव्हता, गाडी दिसलीच नाही. आणि बाबांचं एकच पालुपद, दिवे लागले होते, मला पुढे उजेड दिसत होता.

मिस्त्री: खोटं नव्हते बोलत ते. इकडे पुढे या. इंजिन चालू आहे. काय दिसतं?

लेक: दिवे लागलेत की.

मिस्त्री: हे दिवसाचे. गाडी सुरू झाली की आपोआप लागतात, समोरच्याला गाडी दिसावी म्हणून. आता मागे जा.

लेक: इथे तर काहीच नाही.

मिस्त्री: नसणारच. दिवसाचे दिवे आपल्या गाडीला फक्त पुढे. मागचे लागतात ते हेडलाइटबरोबर.

लेक: पण हेडलाइट अंधार पडला की आपोआप लागतात ना? मीच शिकवलं होतं बाबांना. म्हटलं, तुम्ही कशाला हात लावू नका, गाडी सगळं बघते.

मिस्त्री: बघते, पण बटण ऑटोवर असेल तर. काचेजवळ हा टिकलीएवढा डोळा आहे ना, त्याला अंधार कळतो. हे बघा, त्यावर फडकं टाकलं. लागले हेडलाइट?

लेक: नाही.

मिस्त्री: बटण बंदवर आहे. बाबा हात लावत नव्हते, मग फिरवलं कोणी?

लेक: मी. अपघाताच्या आदल्या दिवशी आईचे रिपोर्ट आणायला गेले होते. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसले, तर उजेड वॉचमनच्या डोळ्यांवर. तो खेकसला, म्हणून बंद केलं. परत फिरवायचं साफ विसरले.

मिस्त्री: होतं असं.

लेक: त्यांच्या जावयासमोर बोलले हो मी त्यांना. म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, आता तरी कबूल करा. पंधरा दिवस वाद घातला त्यांनी. मग एकदा म्हणाले, असेल बाई, मलाच दिसत नसेल.

मिस्त्री: गिऱ्हाईक चारला येतंय. त्याआधी सांगा त्यांना.

लेक: कोणत्या तोंडाने?

(बाबा गाडीचे कागद घेऊन शेडमध्ये येतात.)

बाबा: हे घे, सगळे आहेत. विमासुद्धा.

लेक: बाबा, तुमचे डोळे चांगले होते. दिव्यांचं बटण आदल्या दिवशी मी बंद केलं होतं. आत्ता कळलं.

बाबा: म्हणजे ऑटोवर नव्हतंच?

लेक: नव्हतं. रागवा माझ्यावर.

बाबा: रागवून काय करू आता. त्यानंतर महिन्याभरातच तुझी आई दवाखान्यात गेली ना?

लेक: हो.

बाबा: शेवटचे पाच महिने तिथेच होती. तू मला रविवारी न्यायचीस.

लेक: तेवढंच जमायचं हो मला.

बाबा: तुला नाही म्हणत. बसने जाईन म्हटलं, तर रस्ता ओलांडायची हिंमत होईना. दिसत नाही, असं मनानेच घेतलं होतं.

लेक: बाबा.

बाबा: ती रोज नर्सला विचारायची म्हणे, आले का. वीस मिनिटांचा रस्ता होता गं. रोज गेलो असतो.