जुहू नको

"धनी चाले पुढं बाई, मी त्याच्या सावलीत." आईची जात्यावरची ही ओवी रेवतीला अजूनही कधीमधी ऐकू येई. शेगाव स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत तिच्या मागं एक म्हातारं जोडपं मुंबईचा बेत ठरवत होतं.

"पोरगा एक दिवस समुद्र दाखोतो म्हणते. जुहूले जाऊ."

"जुहू नको."

"काऊन वं? आपल्या देऊळघाटचे लोक तिथंच भेटतात."

"म्हणूनच नको."

"मंग गोराई? पन बोटीत बसा लागते, तू भेशीन."

"भेईन. तिथं आपलं कोनी येते का?"

"कुत्रं नाई येत. लोकाईनं तुयं काय वाकडं केलं?"



"लग्नापासून तुमी पुढं, मी मागं चालली. एक दिवस तुमच्या बाजूले चालायचं हाय मले."