साडूची एमपी-फाइव्ह

...आणि वर मलाच विचारतो, "डेल, ही एक स्प्रिंग उरली बघ, टाकून देऊ का?" टाकून देऊ का! अहो, तुम्हाला सांगतो, छातीत अशी कळ आली ना, वाटलं लॉर्नाला हाक मारावी आणि म्हणावं, बाई, अँब्युलन्स बोलाव, तुझा नवरा चालला! तिकडं जर्मनीत कुणीतरी माणूस बंदुकीच्या त्या स्प्रिंगपायी म्हातारा झाला असेल, ती एवढीच ताठ हवी, तेवढीच वाकायला हवी म्हणून, आणि हा बेटा ती दोन बोटांत धरून उजेडाकडं बघतोय, जशी काही बॉलपेनातूनच पडलीय! व्हर्लिन. माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा, जॉयलीनचा नवरा. नाही, माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे! वाईट असता तर मोकळेपणानं चार शिव्या तरी घातल्या असत्या.

पण मी जळत नाही हं. आधीच सांगून ठेवतो. मला कशाला जळायचंय?

तुम्ही आमच्या मिलर्स फोर्कच्या शूटिंग क्लबात कधी आला नाहीत, म्हणून सांगतो. तिथं जर्मन पिस्तूल म्हटलं की एकच नाव निघायचं. डेल्बर्ट ऊल. म्हणजे मी. आयुष्यभर लोकांच्या तळघरात शिरून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या, काजळी खाल्ली, आणि पैसे साठवून साठवून एक पिस्तूल घेतलं. पी-सेव्हन. जर्मन पोलिसांच्या कमरेला लटकलेलं, त्यांनी वापरून सोडलेलं. तुम्ही हातात घेतलंय कधी? मूठ आवळली की तयार, मूठ सोडली की गरीब गाय! सलग झाडत बसलं की बोटाला तव्यासारखा चटका देतं, ते खरं. पण चटका कोण देतं हो? आपलंच माणूस देतं. दर रविवारी चर्चमधून आलो की कोट काढायच्या आधी मी ते टेबलावर उलगडून बसतो, लॉर्ना आत खिम्याचा मीटलोफ ओव्हनमध्ये टाकते आणि म्हणते, "झालं यांचं दुसरं चर्च सुरू!"

तर पिस्तूल होतं. पण मनात काय होतं? मनात एमपी-फाइव्ह होती! सबमशीनगन. आता आपल्या अमेरिकेतला कायदा तुम्हाला ठाऊकच आहे, साध्या माणसाला असली बंदूक घ्यायची तर ती एकोणीसशे शहाऐंशीच्या आधी सरकारात नोंदलेली हवी. नवी नाही चालत. म्हणजे देशात आहेत तेवढ्याच, मालक मरतात, बंदुका राहतात, आणि किंमत अशी चढते की घर विकावं. मी लॉर्नाला एकदा विचारलंही होतं, घर विकायचं का म्हणून. गमतीनं हो! ती हसली नाही. मग मी आपला पुस्तकं वाचायचो, चित्रं बघायचो, तिचा एकेक खिळा, पोटातला एकेक रोलर मला तोंडपाठ. दुसऱ्याच्या बायकोचं नाव घेत नाही माणूस, तसं मी तिचं नाव चारचौघांत घ्यायचो नाही.

आणि एक दिवस फोन. व्हर्लिन. "डेल, आमचा ओरिनमामा गेला." म्हटलं, अरेरे. "त्यानं माझ्यासाठी एक मशीन ठेवलीय. एम पी... चार की पाच असं काहीतरी. जर्मन आहे म्हणे. तुला असल्यातलं कळतं ना?"

चार की पाच!

ओरिनमामाचं खाली केंटकीत बंदुकांचं दुकान होतं, हे मला माहीत होतं. मी गेलो होतो तिथं. त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात उभं राहून मी असल्या बंदुकीतल्या जर्मन रोलरवर अर्धा तास बोललो होतो आणि त्यानं जांभई दिली होती. व्हर्लिन त्याला दर उन्हाळ्यात मासे धरायला न्यायचा. बस्स! गळाला गांडूळ लावून देणाऱ्याला एमपी-फाइव्ह, आणि ज्याला तिचा प्रत्येक भाग तोंडपाठ, त्याला जांभई! पण मी जळलो का? छे. मी म्हटलं, "अभिनंदन, व्हर्लिन." आणि फोन ठेवून गॅरेजात जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो.

कागदपत्रं व्हायला महिने गेले. मग एका शनिवारी हा क्लबात आला. बंदूक कशात आणली असेल? माशांच्या सामानाच्या पिशवीत! आत बाजूला रबरी बेडूक! आणि ती बाहेर निघाली मात्र... अहो, सगळा क्लब गोळा. हार्लन प्रूइट, आमचा अध्यक्ष, मी इतकी वर्षं येतोय तर कधी 'बस' म्हणाला नाही, त्यानं स्वतःची खुर्ची सरकवली. "व्हर्लिनसाहेब, बसा!" साहेब! आता या बंदुकीची एक गंमत आहे. वरचा दांडा मागं ओढून खाचेत अडकवायचा आणि मग वरून तळहातानं अशी खाडकन चापट द्यायची, की तो पुढं सुटतो. खटॅक! त्या आवाजासाठी लोक काय काय विकतात, तुम्हाला कल्पना नाही. आणि व्हर्लिननं चापट कशी मारली? मांजराला थोपटावं तशी! दांडा हललाच नाही. हा म्हणतो, "लागलं तर नाही ना तिला?" आणि सगळे हसले हो, कौतुकानं! मी तशी चापट मारली असती तर क्लबातून काढलं असतं.

मग तो माझ्याकडं वळला. "डेल, हिला तेलबिल लागतं का?"

म्हटलं, हिला कोण सांभाळणार? हा? ज्यानं पुढं माझ्याच घरी ती स्प्रिंग टाकायला काढली, तो? तर म्हटलं, आण घरी. पण ती बंदूक अशी कुणाकडं नुसती ठेवून जाता येत नाही, मालक जवळ बसलेला पाहिजे. म्हणजे बंदूक हवी तर व्हर्लिनही हवा! झालं. दर शनिवारी दुपारी माझ्या तळघरात मी टेबलाशी, ब्रश घेऊन, आणि हा माझ्या आरामखुर्चीत, पाय वर करून. आणि लॉर्ना! मी त्या तळघरात वर्षानुवर्षं बसतोय, तिनं कधी पाण्याचा ग्लास आणला नाही. आता कॉफी येते, रुबार्बचा पाय येतो, तो आंबटगोड सारण भरून भाजलेला, वर "व्हर्लिन, अजून एक तुकडा घे की!" आणि तोही तोंड भरून सांगणार, "ताई, असा पाय जॉयलीनला नाही जमत." मी नळीत डोळा घालून बसलेलो. मला विचारलं का कुणी? माझा तुकडा थंड.

आणि हा बोलतो काय? बास मासा. सकाळचा बास, दुपारचा बास, ढग आल्यावरचा बास. मी आपला गोळी बसते त्या भागातल्या बारीक बारीक खाचा साफ करतोय. बहुतेक बंदुकांना तिथं खाचा नसतात, हिला असतात, त्यात काजळ साठतं आणि ते काढायला वेगळा ब्रश लागतो, तो मी माझ्या पैशानं मागवला. रोलर पुसतोय, पातळ पत्री सरकवून फट बघतोय... तर मध्येच म्हणतो, "डेल, तुला कधी असली एखादी हवी होती का रे?"

आता यावर माणसानं काय म्हणावं? तुम्हीच सांगा. पायचा घास याच्या तोंडात, माझी खुर्ची याच्या बुडाखाली, बायको जिन्यात कौतुकानं उभी. म्हटलं, "मला? छे, छे! मला हौसच नाही असल्याची. मी आपला पिस्तूलवाला माणूस. तुझं चालू दे." तो म्हणाला, "बरं झालं. मला वाटलं तुला वाईट वाटत असेल." वाईट! मला कशाला जळायचंय?

पुढं वसंतात जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये आमचा संग्राहकांचा मेळावा असतो. तिथं एक बक्षीस असतं, उत्तम निगा राखलेल्या हत्याराचं. लाकडाची पाटी, तिच्यावर पितळी अक्षरं. मला ती हवी होती. उघड सांगतो. मी पी-सेव्हनचं नाव दिलं. आणि हार्लननं व्हर्लिनला भरीस घालून त्याच्या एमपी-फाइव्हचंही नाव दिलं! आदल्या शनिवारी हा हजर. "डेल, जरा हात फिरव ना हिच्यावरून, चारचौघांत न्यायचीय."

तुमच्या डोळ्यांत मला दिसतंय तुम्हाला काय वाटतंय ते. मलाही वाटलं! म्हटलं, आज वरवर पुसू, एखादी खाच राहू देऊ, कुणाला कळतंय? बसलो तसं ठरवून. आणि हात ऐकेनात हो! ब्रश हातात आला की हात स्वतःचे राहतात कुठं? त्या दिवशी तिला जशी केली ना, तशी ती कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल. आणि या सगळ्यात माझ्या पिस्तुलाला वेळच उरला नाही. वरून फडकं फिरवलं आणि ठेवलं.

परीक्षक कोण, तर ऑगस्टा ब्रेनमन. पोलीस खात्यात हत्यारांची निगा राखून निवृत्त झालेली बाई, हातात बारका आरसा, बोळा आणि टॉर्च. नळीत बोळा घातला की लोकांचे श्वास थांबतात. माझं पिस्तूल उलगडलं, म्हणाली, "सुंदर." माझी मान ताठ. "फक्त इथं, नळीच्या खाली, कणभर काजळी आहे." काजळी! भट्टीवाल्याच्या पिस्तुलात काजळी! मग ती व्हर्लिनच्या टेबलाशी गेली. बोळा घातला, काढला. पांढरा. पुन्हा घातला. पांढराच! आरशातून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं आणि हळूच म्हणाली, "ही ज्यानं साफ केलीय ना, त्याचा जीव आहे हिच्यावर."

खोटं कशाला बोलू, मला एकदम रडायला आलं. आणि ती विचारते कुणाला? व्हर्लिनला! "किती वेळ देता हिला?"

व्हर्लिन म्हणतो, "दर शनिवारची अख्खी दुपार, बाई."

खोटं आहे का? नाही! बसलेलाच असतो की तो! आणि पाटी त्यालाच! मी तोंड उघडलं, तर लॉर्नानं कोपराला असा चिमटा काढला! "डेल, गप. जॉयलीनकडं बघ." बघितलं. मेहुणी रडत होती. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं म्हणून, रुमाल तोंडाशी धरून, पोरीसारखी.

पाटी हातात घेतली आणि व्हर्लिन माइकपाशी गेला. म्हणाला, "खरं सांगू का, यातलं मी काहीच केलेलं नाही. हे सगळं आमच्या डेलनं केलंय. मी नुसता पाय खात होतो." झालं! सांगितलं हो त्यानं! खरं ते सांगितलं! मी पुढं पाऊल टाकलं... आणि सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. हार्लन म्हणतो, "बघा, याला म्हणतात विनय! साडूला श्रेय देतोय!" एक बाई मला म्हणाली, "तुमचं नशीब, असा साडू मिळाला." मी टाळ्या वाजवल्या. काय करणार, सगळे माझ्याचकडं बघत होते. पण मी जळलो नाही. घरी येऊन मीटलोफ खाल्ला नाही, ते पोट बिघडलं म्हणून.

त्यानंतरच्या शनिवारी मी टेबलावर कापड अंथरून बसलो. व्हर्लिन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लॉर्ना म्हणाली, "फोन कर की." मी म्हटलं, मला काय पडलंय! आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. शेवटी आला. रिकाम्या हातानं. आरामखुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"डेल, विकली."

"काय विकलं?"

"ती मशीन. लेक्सिंग्टनचा एक जण. मेळाव्यात पाटी बघितली आणि मागंच लागला. त्याच्याकडं बास धरायची बोट होती, नवीकोरी, ती दिली आणि वर पैसे. कागद सरकारात दिलेत. तुझ्या हातामुळंच भाव आला बघ तिला."

माझ्या हातामुळं. ऐका! मीच घासून पुसून तिला परक्याच्या घरी पाठवली! मी म्हटलं, "छान झालं." एवढंच. मग तो खाली बघत म्हणाला, "खरं तर जॉयलीन म्हणत होती, डेलचंही नाव घाला कागदांवर. दोघांच्या नावावर ठेवता येते म्हणे. म्हणजे तुझ्या तळघरातच राहिली असती, कायमची, मी नसलो तरी. मी तुला विचारणारच होतो. विचारलंही होतं ना? पण तू म्हणालास, हौसच नाही. म्हटलं, कशाला उगाच तुझ्या गळ्यात बांधा."

लॉर्ना जिन्यात पायची बशी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. बशी माझ्यापुढं ठेवली. मोठा तुकडा. आणि वर गेली.

असो! त्या बोटीची मोटर पाण्यात उतरताच बंद पडली. दुरुस्त कुणी करायची? मला बोटीतलं काय कळतं? पण केली. मग म्हणाला, चल तळ्यावर. गेलो. दिवसभर मी गळ टाकतोय, नेम धरून, वारा बघून, श्वास रोखून. काही नाही. आणि हा गप्पा मारता मारता, माझ्याकडं तोंड करून, पाण्याकडं न बघता गळ टाकतो, आणि त्याला एवढा बास! मी कॅमेरा काढला. म्हटलं, उभा राहा, हस. तर म्हणतो, "डेल, तू धर ना! फोटोत तू छान दिसशील."

धरला. जड होता हो चांगला.