अकीकाच्या पोटातली पूड

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि आधी मला एक सांगा — माणूस चुकतो, माफीही मागतो, तरी समोरच्याचं मन का उघडत नाही? चूक मागणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? ... पुढच्या आजी म्हणतात, ऐकणाऱ्याची! म्हणजे आजींनीच कुणाची तरी माफी मागितलेली दिसतेय!

तर ऐका. नांदगावला दिगंबर शेवाळे म्हणून रेल्वेतले निवृत्त फिटर. चार वर्षांपूर्वी मुलीचं लग्न काढलं आणि गडबडीत सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला टोपी-उपरणं द्यायचं राहून गेलं. बहीण मालन भरल्या ताटावरून उठली, तिने थेट सासर, मनमाड गाठलं! तेव्हापासून भाऊबीज बंद. तुम्ही म्हणाल, टोपी ती केवढी? अहो, तुमच्या यजमानांची राहू द्या, मग बघू!

दिगंबररावांनी दोनदा फोन केला. "मालन, चुकलो गं. पण तूही एका टोपीसाठी ताटावरून उठलीस." दोन्ही वेळा तिकडून फोन बंद.

मग त्यांना युक्ती सुचली. लहानपणी मालनला नदीत एक अकीक सापडला होता, तो माहेरीच राहिलेला. अकीक म्हणजे आपल्या गारगोटीचाच देखणा भाऊ. तो चमकवून भाऊबिजेला न्यायचा! कूलरची जुनी मोटर जोडून त्यांनी घरातच एक रबरी अस्तराचा पिंप फिरता केला. त्यात तो अकीक, सोबतीला दुसरे दगड, पाणी आणि घासायची पूड. एक आठवडा जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिश. रात्रंदिवस घर्रर्र — घर्रर्र! शेजारीण डबा घेऊन दळण टाकायला आली. दिगंबररावांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या, एवढ्यात गावजेवणाचं पीठ झालं असतं.

महिन्याने पिंप उघडला, तर अकीकावर चरेच चरे! पॉलिशमध्ये जाड पुडीचा कण राहिला, की सगळी मेहनत पाण्यात. दिगंबरराव भडकले. पूड विकणारा लबाड, नळाचं पाणी गढूळ, आणि शेवटी गाडी कुसुमताईंवर — तूच झाकण नीट धुतलं नसशील! नवरे मंडळी, माना खाली घालू नका, मी बघितलंय.

कुसुमताईंनी चष्मा लावला, सुई घेतली. अकीकाला एका बाजूला बारीक भोक होतं, आत पोकळी. त्यात सुई फिरवली — आणि निघाली की हो काळी पूड! पहिल्या आठवड्याची! पिंप धुतला, झाकण धुतलं, दगडाचं पोट कुणी धुतलंच नव्हतं.

ती पूड नवऱ्याच्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "फोनवर चुकलो म्हणता, ते मनापासून म्हणता. पण तिचं ताटावरून उठणं अजून तुमच्या पोटात आहे. माफी मागायला जाता आणि तेच तिला ओरखडतं."

दिगंबररावांनी तळहात डोळ्यांजवळ नेला. मंडळी, रेल्वेच्या माणसाला लाल सिग्नल बरोबर कळतो!

दगड मध्यम पुडीपासून पुन्हा घासायला तीन आठवडे हवेत आणि भाऊबीज तर परवावर आलेली. तसेच निघाले. पिशवीत चरे पडलेला अकीक, एक टोपी, एक उपरणं. मनमाडला दार मालननेच उघडलं. दिगंबरराव म्हणाले, "मालन, माझं चुकलं."

आणि थांबले. मालन उंबऱ्यात उभी. ती पुढच्या वाक्याची वाट बघतेय! क्षण गेला, दोन गेले. दिगंबररावांची जीभ वळवळली असेल, मी नाही म्हणत नाही. पण वाक्य काही आलं नाही. मालनचे डोळे भरले. आत वळून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, पाट मांडा. दादा आलाय."

आता मंडळी, माझ्याकडे काय बघता? आपापलं पोट तपासा! माझ्याही पोटात आहे थोडी, धाकट्या भावाच्या नावाची. सगळे बुवा सांगतात, कीर्तनात मोबाईल बंद ठेवा. मी सांगतो, चालू करा. ज्याचा फोन राहिलाय त्याला लावा, चुकलो म्हणा आणि पुढचं वाक्य गिळा. गिळलंत की हात वर करा. तोवर आरती होणार नाही. मी थांबलोय!