मधल्या बोटाचं पेर

टेलर : …आणि हा कोट मंगळवारी द्यायचाय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू म्हणावं.

बायको : तिसऱ्यांदा पुढे ढकलताय. आधी मशीनवरून उठा बघू.

टेलर : उठलोच होतो. तूच म्हणालीस, येरझाऱ्या घालू नका.

बायको : अहो, हा घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे. नुसता कोरून काढला तर तिथेच पुन्हा येतो, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय. बोटाचं वरचं पेर काढावंच लागेल. पसरलाय का ते बघायला काखेतली गाठही तपासायचीय.

टेलर : तीस वर्षं याच बोटानं सुई ढकलली. दुसरं कुठलंही मागितलं असतं, तर हसत दिलं असतं.

बायको : घट्टा समजून दोनदा ब्लेडनं तासलंत. मी तेव्हाच म्हटलं होतं, दाखवा.

टेलर : टेलरच्या बोटाला घट्टा नाही तर काय येणार? चुकलं माझं. किती वेळा उगाळशील?

बायको : भीती वाटते मला, म्हणून बोलते.

टेलर : मी बाईंना विचारलं, शंभरात किती वाचतात? म्हणाल्या, इतका दुर्मिळ आहे की माझ्याकडे आजवर दोनच आले. दोन गिऱ्हाइकांवरून मी तिसऱ्याचं माप सांगेन का?

बायको : त्या दोघांचं काय झालं?

टेलर : कात्री कुठे ठेवलीस?

बायको : तुमच्या हातातच आहे. काय झालं त्यांचं?

टेलर : एकानं पेर दिलं. नऊ वर्षं झाली, दर वर्षी छाती तपासून जातो. ठणठणीत आहे.

बायको : आणि दुसरा?

टेलर : घड्याळं दुरुस्त करायचा. काही करा पण बोट वाचवा म्हणाला. वाचवलं त्यांनी.

बायको : मग?

टेलर : चार वर्षांनी फुप्फुसात निघाला. गेला तो.

बायको : हे तुम्हाला कधी कळलं?

टेलर : पंधरा दिवस झाले.

बायको : आणि पंधरा दिवस एकटेच घेऊन बसलात?

टेलर : सांगितलं असतं, तर त्याच दिवशी मला धरून नेलं असतंस.

बायको : नेलंच असतं.

टेलर : पेर देऊनही दर वर्षी धाकधूक आहेच. सुटका अशी नाहीच.

बायको : नसू दे. दर वर्षी मी येईन बरोबर. मला तुम्ही हवे आहात, बोट असो वा नसो.

टेलर : (कात्री खाली ठेवत) लाव फोन. आणि उद्याचंच सांग. परवाचं सांगितलंस, तर मी पळून जाईन.