पात्यात अडकलेला घास

"सुनबाईला यंत्रापाशी येऊ देऊ नगंस, बैल बुजत्यात," मामंजी ह्यांना सांगत होते, ते मी भिंतीआडून ऐकलं. यंत्र म्हणजे आमच्या निरवांगीच्या मळ्यातलं, जनावरांच्या चाऱ्याचा लसूणघास कापायचं. वर माणूस बसायचा, पुढं बैल ओढायचे, आणि चाक फिरलं की खाली पातं चालायचं.

तुम्हाला सांगते, परवा त्या पात्यात घास अडकला. बैल जुंपलेलेच ठेवून ह्यांनी खाली वाकून पात्यात हात घातला. नेमकी मी समोरून पेंडीची पाटी घेऊन आले. बैलांनी कान टवकारले. ओरडावं तर बैल बिचकणार, मागं फिरावं तर पेंडीमागं चालत येणार! त्यात मागून सासूबाई ओरडल्या, "थांबलीस का गं? न्हे की म्होरं!"

एका बैलानं पाय उचलला. मी धावले, पाटी दोघांच्या तोंडाखाली ठेवली आणि वेसणी गच्च धरल्या. ह्यांनी हात बाहेर काढला.

"बैलाम्होरं कशाला आलीस?" मामंजी कडाडले.

तोवर त्यांच्यासमोर मी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "मामंजी, ह्यांना सांगा, आधी बैल सोडा, मग पात्यात हात घाला. बोटं म्हंजे लसूणघास न्हवं, कापली की पुन्हा फुटायला."