बेहड्याचं गाऱ्हाणं

मूळचे आम्ही मालवणकडचे, पण माझा जन्म भांडुपचाच, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत, बाप गिरणीत आणि चाळीच्या मागे हा बेहडा. काय सांगू तुम्हाला, चाळ नव्हती, रस्ता नव्हता तेव्हापासूनचा हा, सगळं जंगलच होतं ना इथे, त्यातला हा एकटा उरला. लहानपणी आम्ही त्याच्या बिया फोडून खायचो आणि चक्कर येऊन पडायचो, मी आणि वसंता. हो, तोच वसंता, त्याचंच सांगतोय.

मी दशावतारात राक्षस करतो. कंपनीत फिटर होतो, आता रिटायर, पण राक्षस अजून चालू. राक्षसाचं सगळं गळ्यावर, आणि माझा गळा राखला ह्या बेहड्याने, खाली पडलेल्या फळाची साल गालात धरायची, बस्स. झाडाला कोयता कधी लावला नाही मी.

तर हा वसंता आमच्या चाळीच्या सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून बेहडा तोडायचा ठराव केला. मी गेलो, म्हटलं वसंत्या, आपल्या आज्याच्या आधीचं झाड रे, काय करतोस. तर सगळ्यांसमोर हसला, म्हणाला, तू राक्षस ना रे, देवाची बाजू कधीपासून घ्यायला लागलास, जा, तोंडाला रंग लाव. दुसऱ्या दिवशी दोन फांद्या उतरवल्या. माझी सटकली ना. म्हटलं लावतो, लावतोच रंग.

आमचा दरवर्षीचा प्रयोग, प्रमुख पाहुणा तोच, पहिल्या रांगेत, गळ्यात हार. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या बोलायचं, त्यामुळे कोण अडवणार? मी त्याच्यासारखा चष्मा कपाळावर चढवून आलो, अख्खं वन खाऊन ढेकर दिली आणि म्हटलं, आता माझ्या रथाक पार्किंग होया. मैदान हसलं. वसंता पण हसला, त्याला वाटलं एवढ्यावर भागलं.

मग मी मुकुट उतरवला, हातात नारळ घेतला आणि देवापुढे घालतात तसं खरं गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या बेहड्याक ज्येचो हात लागात, तेच्या घशाक कोरड पडांदे. व्हय म्हाराजा, सगळे ओरडले. तेका तेच्याच दारात सावली मेळाक नको. व्हय म्हाराजा. आणि बघतो तर वसंता, हात जोडलेले, डोळे मिटलेले, सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा! मालवणी माणूस ना तो, गाऱ्हाणं ऐकलं की तोंड आपोआप उघडतं, काय बोललो ते मागून कळतं. कळलं तेव्हा चेहरा पांढराफटक. मला रंग विकत आणावा लागतो, त्याला फुकट लागला. खोटं कशाला बोलू, मजा आली.

सकाळी त्याची बायको नारळ घेऊन दारात. भावजी, गाऱ्हाणं मागे घ्या, ह्यांचा डोळ्याला डोळा नाही. म्हटलं वहिनी, तुमच्याशी माझं काय वाकडं नाय, चहा घ्या, पण गाऱ्हाणं मागे नाय. त्याच दिवशी ठराव त्याने स्वतःच्या हाताने फाडला.

आता रोज सकाळी बादली घेऊन येतो, बेहड्याला पाणी घालतो. खोकतो पण खूप. खोकल्याला औषध पायाशीच पडलंय, पण पडलेल्या फळाला सुद्धा हात लावायची हिंमत नाय त्याची. मी खिडकीतून बघतो, गालात साल धरून.

लोक म्हणतात, सोड आता, म्हातारे झालात दोघे. कित्याक सोडू? त्या दोन फांद्या परत येतल्या? आणि त्याचं वाईट मी चिंतत नाही हां. देव त्याला ह्या बेहड्याएवढं आयुष्य देवो. असंच, खोकत खोकत, पाणी घालत.

व्हय म्हाराजा.