चंदेरी रंगाचे अँटेना कव्हर आणि आचल घरी न पोचल्याबाबत

मी विवेक बाबाराव थूल, वय ५२ वर्षे, धंदा फायबरकाम, राहणार देवळी, जिल्हा वर्धा. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

माझी मुलगी आचल, वय २३, आज दुपारी आमच्या शेडमधून निघाली, ती घरी पोचलेली नाही. फोन बंद लागतो. ती माझ्यासोबतच काम करते. आधी आम्ही कुलरच्या बॉड्या करायचो. आता टॉवरवरच्या फाईव्ह-जी अँटेनाचे कव्हर करून पाहत आहोत. ऊनपाऊस बाहेर राहिला पाहिजे आणि लहरी आरपार गेल्या पाहिजेत. वरच्या फ्रिक्वेन्सीला जाडीत केसभर फरक चालत नाही. हे मी कोणत्याही कॉलेजात न जाता शिकलो. हवालदार मॅडम म्हणाल्या, "काका, कव्हर राहू द्या, पोरीचं सांगा." तेच सांगतो आहे.

कव्हर पांढरे होते. मागच्या खेपेस कंपनीचा इंजिनिअर हसला, "थूलभाऊ, हे तं कुलरचं झाकण दिसून राह्यलं." म्हणून आज सकाळी त्यावर चंदेरी रंग देण्याचे ठरले. आचल म्हणाली, "बाबा, या रंगात ॲल्युमिनियमची पूड हाय. लहरी अडतीन. नका मारू." मी म्हणालो, "तू मले शिकवू नको."

आज तपासणीला दोन इंजिनिअर आले. कव्हर चढवताच सिग्नल पडला. त्यांनी विचारले, रंग कोणी मारला? मी म्हणालो, "पोरीनं." आचल तिथेच उभी होती. तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि बाहेर गेली. मी इंजिनिअरांना चहा पाजत बसलो. भांडण झालेले नाही.

बसस्टँड पाहिले. तिची मैत्रीण मेघा हिच्या घरी गेलो. पवनारला तिच्या मावशीकडेही जाऊन आलो. इथे बसवत नाही, पण जबाब पुरा करा म्हणतात.

अंगावरचे कपडे विचारले असता मला सांगता आले नाही. पत्नी माधवी हिला फोन लावला. ती म्हणाली, "तुमचाच निळा शर्ट घातला व्हता तिनं. सकाळपासून तुमच्या समोरच व्हती ना?"

तरी वर्णनात लिहावे: बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. शर्टावर चंदेरी रंगाचा एकही थेंब नाही. ब्रश माझ्या हातात होता. हेही लिहावे.

मजकूर मॅडमनी वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. सही करतो आणि पुन्हा शोधायला निघतो.